अकरा बाद बोर्ड

चिपच्या काळ्या पाठीवर अंगठा टेकवून रत्नप्रभा थांबली. सात मोजून झाले तरी अंगठा उचलायची गरज वाटली नाही. वीज पोचत नसती तर चिप टेबलाच्या पत्र्याइतकी थंड लागली असती. ही कोमट होती, चहा संपल्यावर कप थोडा वेळ असतो तेवढी. कोमट म्हणजे आत वीज जाते आहे, एवढंच. आत काही घडतं आहे की नाही ते अंगठ्याला कळत नाही. तिने वहीत क्रमांकापुढे 'कोमट' असं लिहिलं, वायर काढली आणि पुढचा बोर्ड ओढला.

बाद झालेले असे अकरा बोर्ड तिच्यापुढे होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर हौसाने लाल पेन्सिलीने फुली मारलेली होती. सोमवारपासून जोडून झालेले बोर्ड चौदा, त्यांतले तीन पास, अकरा बाद. आज बुधवार होता.

आसनगावहून शहापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, भाताच्या गिरणीला लागून असलेल्या या पत्र्याच्या खोलीत महिपत आधी टीव्ही दुरुस्त करायचा. ब्याण्णव सालच्या त्या मार्चमध्ये तिथे 'माहुली' तयार होत होती. टीव्हीला जोडायचा, कॅसेट प्लेअरवरून प्रोग्रॅम भरायचा छोटा संगणक. नाव महिपतचं, खोलीच्या मागच्या खिडकीतून माहुलीचे सुळके दिसत. बाकी सगळं, हिरव्या बोर्डावरच्या प्रत्येक तांब्याच्या रेघेपर्यंत, रत्नप्रभाचं होतं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती दोन वर्षं मुंबईच्या एका कंपनीत होती. कंपनी बंद पडली तेव्हा ती शहापूरला वडिलांकडे परत आली आणि एकदा घरचा बिघडलेला टीव्ही घेऊन महिपतच्या दुकानात गेली. तिने टीव्ही स्वतःच उघडून त्याला दोष दाखवला, आणि महिपतने त्याच दिवशी तिला कामावर ठेवलं.

"सापडलं का काय, मॅडम?" महिपत दारातूनच म्हणाला. त्याच्या हातात टेम्पोची किल्ली होती. तो कायम निघायच्या बेतात असल्यासारखा उभा राही.

"सांध्यांची झाळ सगळी ठीक आहे. ट्रॅक कुठे तुटलेला नाही. वीज पोचतेय."

"मग मेले कशानं?"

"तेच बघतेय."

"परवा ट्रस्टचे गुरुजी येतायत. दहाच्या टायमाला. बघायचं काम तुमचं, पण तोंड द्यायचं माझं हाय." तो टेबलापाशी आला आणि एक बोर्ड उचलून उजेडात धरला, जणू दोष त्याला वरूनच दिसणार होता. "आन त्या दुसऱ्याचं काय ठरलं?"

रत्नप्रभाने मल्टिमीटरची टोकं एकमेकांना टेकवली, काटा शून्यावर येतो का पाहिलं.

"पाच महिने झाले. एक चिप का दोन, एवढंच सांगायचंय. लग्न ठरवायला पण एवढा टाइम लागत नाय."

"लग्न चाळीस ठिकाणी नांदवायचं नसतं, महिपतभाऊ."

पलीकडच्या टेबलावरून हौसा खुदकन हसली. "एकाच ठिकानी नांदताना पुरेवाट होते, शेठ."

"तू मोज गो, तू मोज. दहापर्यंत येतं ना नीट?"

"तुमीच शिकिवलंय," हौसा म्हणाली. "येत नसंल तर तुमचीच चूक."

महिपत टेम्पो घेऊन निघून गेला. गिरणीची मोटार सुरू झाली. हौसाच्या पुढ्यातल्या टीव्हीचं चित्र दोन्ही बाजूंनी आत आलं आणि हळूहळू परत पसरलं. खोलीत टीव्ही तेवढा एकच होता. रत्नप्रभा बोर्ड मीटरने तपासत होती. चित्र बघायचं काम हौसाचं. चित्र येत नाही असं हौसा म्हणाली, आणि रत्नप्रभा ते तसंच धरून चालली.

एक चिप की दोन, हा प्रश्न दिसायला लहान होता.

माहुलीतला प्रोसेसर साधा, आठ बिटांचा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळणारा. तो कामाला चांगला होता, पण एकटा होता. टीव्हीला सेकंदाला पन्नास वेळा चित्र लागतं, तेही रेघेमागून रेघ, ठरलेल्या क्षणाला. ते काम करायला वेगळी चिप घातली तर तिला तिची वेगळी मेमरी लागते, मुख्य बोर्डावर बसणारा आणखी एक छोटा बोर्ड लागतो, ट्रान्सफॉर्मर मोठा लागतो, आणि यंत्राची किंमत जवळजवळ दीडपट होते. नाही घातली तर चित्र प्रोसेसरलाच काढावं लागतं. मग त्याचा तीन चतुर्थांश वेळ चित्रात जातो आणि उरलेल्या फटींमध्ये तो हिशोब करतो. इतका हळू, की उत्तर येईपर्यंत विचारणाऱ्याला प्रश्न आठवू नये. त्यावर एक उपाय होता. हिशोब करताना चित्र काढायचंच नाही. काम झपाट्याने होतं, पण तेवढा वेळ पडदा काळा राहतो.

रत्नप्रभाने दोन्ही करून पाहिले होते. दोन चिपांचा नमुना तिच्या कपाटात, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला होता. त्याचं चित्र हलत नसे, विझत नसे. तिने आयुष्यात केलेलं ते सगळ्यांत नीट काम होतं, आणि हे तिला माहीत होतं.

यंत्रं घेणार होता एक ट्रस्ट. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या चाळीस शाळांना एकेक यंत्र द्यायचं त्यांनी ठरवलं होतं आणि रक्कम आधीच बांधून टाकली होती. त्या रकमेत एका चिपची चाळीस बसत होती, दोन चिपांची सत्तावीस. शाळांची यादी पटसंख्येप्रमाणे लावलेली होती. तिची एक प्रत रत्नप्रभाच्या खणात होती. सत्ताविसावं नाव मुरबाडकडच्या एका बाजाराच्या गावाचं. मोठ्या शाळेचं किन्हवली बरंच वर होतं. शेणवा अडतिसाव्या क्रमांकावर.

हौसा शेणव्याची. सकाळच्या एस.टी.ने ती येई, संध्याकाळच्या एस.टी.ने जाई. महिपतकडे लागण्याआधी ती वीटभट्टीवर होती, आणि इथलं काम तिला बसून करायचं म्हणून आवडे. तिची भिमी शेणव्याच्या शाळेत सहावीत होती. दर दोन-चार दिवसांनी हौसा बोर्ड लावता लावता विचारी, "आमच्या शालंत पन येनार ना गो बाय, ह्यो डबा?"

"बघू," रत्नप्रभा म्हणे.

त्या 'बघू'ला आता पाच महिने झाले होते. महिपतला वाटे, मॅडमना ठरवता येत नाही. ते खरं होतं, पण कारण त्याला वाटे ते नव्हतं. भाव वाढतील का, चिप मिळत राहील का, यातलं काहीच तिला अडवत नव्हतं.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला त्यांच्या प्रयोगशाळेत वीजप्रवाह मोजणारे बारा गॅल्व्हानोमीटर होते, आणि एक तेरावा. शेवटच्या, राखीव यादीतून आलेल्या मुलांचा गट शेवटचा, म्हणून तेरावा त्यांना. त्याचा काटा काही न जोडताही तीनवर उभा असे. हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या प्रयोगाची तिची सगळी उत्तरं चुकली आणि वहीवर तांबडी रेघ आली. तिने काटा दाखवला तेव्हा प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणाला होता, "तुम्हाला काय, पास झालं की पुरे ना?" पुढच्या वेळी तिने वहीच्या डोक्यावर लिहिलं: काटा मुळात तीनवर आहे. आणि प्रत्येक आकड्यातून तीन वजा केले. उत्तरं बरोबर आली. पण तो मदतनीस ज्या सहजपणे बोलला, ती सहजता तिच्या लक्षात राहिली. यादीच्या शेवटी असलेल्यांना वाकडा काटा देणारा हात आपला नसेल, एवढं तिने तेव्हाच मनाशी धरलं होतं.

आता तिच्या खणात यादी होती. एक चिप घातली तर वाकडा काटा चाळीस ठिकाणी जाणार होता. दोन घातल्या तर चांगलं यंत्र वरच्या सत्तावीस शाळांना, आणि खालच्यांना वाकडं-सरळ काहीच नाही. दोन्ही वाक्यं ती मनात शेवटपर्यंत म्हणून बघे आणि परत पहिल्यापासून सुरू करी.

साडेबाराला ती डबा घेऊन मागच्या पडवीत गेली. गिरणी जेवणासाठी थांबली होती. हौसाने पंधरावा बोर्ड लावला, टीव्हीकडे बघत बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत दहा मोजले, आणि लाल पेन्सिल उचलली. तेवढ्यात बाहेरून गिरणीतली ठकी ओरडली, "नळ आला गो! हौसा, कळशी आन!"

नळाला पाणी जेमतेम दहा मिनिटं येई. हौसा पेन्सिल कानावर खोचून पळाली. बटण बंद करायचं राहिलं.

रत्नप्रभाचा डबा अर्धा होत आला होता.

"बाय! ओ बाय! हिकडं या. ह्याला कायतरी आलंय."

"कोणाला?"

"ह्या पंधराव्याला. नऊ, नऊ, सात. मी कायपन दाबलं नाय. भिमीची शप्पत."

रत्नप्रभा तशीच उठून आली, बोटांना वांग्याची भाजी. हौसा दोन भरलेल्या कळश्या दारात टेकवून, ओले हात पदराला पुसत उभी होती. काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात पांढरे आकडे होते. 997.

हजाराच्या आतली सगळ्यांत मोठी मूळ संख्या.

रत्नप्रभा स्टुलावर बसली. काही वेळ ती फक्त आकड्याकडे बघत होती. मग म्हणाली, "हौसा, ते पास झालेले तीन बोर्ड दे."

तिने तिन्हींवरची प्रोग्रॅमची चिप पाहिली. चिकटपट्टीवर जानेवारीची तारीख होती. अकरांच्या चिकटपट्ट्यांवर गेल्या शनिवारची.

शनिवारी तिने तपासणीचा प्रोग्रॅम बदलला होता. जुना नुसतं 'माहुली' असं नाव पडद्यावर आणी. दोन सेकंदांचं काम. त्याने मेमरीची परीक्षा होत नव्हती. म्हणून तिने नवा लिहिला. एकापासून हजारापर्यंतच्या मूळ संख्या काढायच्या आणि शेवटची दाखवायची. मेमरीचा कानाकोपरा वापरला जातो, कुठे दोष असेल तर उत्तर चुकतं. फार चांगली परीक्षा. त्या वेळात प्रोसेसर चित्र काढायचं थांबवतो, हे तिला इतकं ठाऊक होतं की सांगण्यासारखं काही आहे असं तिच्या मनात आलंच नाही. आणि महिपतने टीव्हीच्या दुकानातला नियम हौसाला शिकवलेला होता: सेट लाव, दहा मोज, चित्र नाही आलं तर बाजूला.

"हे मेलेलं नव्हतं," रत्नप्रभा म्हणाली. "मोजत होतं."

"कवापासनं?"

"तू बटण दाबलंस तेव्हापासून. उत्तर यायला दहाहून जास्त मोजावे लागतात."

"किती?"

रत्नप्रभाने मनगटावरचं घड्याळ बघितलं, बोर्ड बंद करून परत चालू केला. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. काळ्या काचेत दोघींचे चेहरे दिसत होते, मागे दार, दारात कळश्या.

"बावन्न सेकंद," आकडा उमटला तेव्हा ती म्हणाली.

"आन मी अकराच्या अकरांच्या मानेवर फुली मारली." हौसाने कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. मग तिचा आवाज चढला. "पन सांगायचं तरी, बाय! मला काय सपान पडतंय? दहा मोज म्हटलं, मी दहा मोजले. तुमी दोन दिस त्या पोरांच्या अंगाला हात लावून ताप बघताय, आन मी हितं बसून त्यांना तिरडीवर घालतेय!"

"मी सांगायला हवं होतं," रत्नप्रभा म्हणाली. "चूक माझी आहे."

इतकं सरळ उत्तर हौसाला अपेक्षित नव्हतं. ती एकेक बोर्ड उचलून लावू लागली. गिरणी परत सुरू झाली, चित्र आत-बाहेर झालं, कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. अकरापैकी अकरांनी 997 दाखवलं. प्रत्येक वेळी रत्नप्रभा घड्याळाकडे बघे आणि हौसा पेरं मोजी. चौथ्या बोर्डापासून दोघींचं जुळायला लागलं. मग हौसाने भिमीच्या कंपासपेटीतून आणलेला खोडरबर पिशवीतून काढला आणि फुल्या पुसल्या. लाल रंग पुरता गेला नाही. कोपऱ्यांवर गुलाबी डाग राहिले.

"काळं पडतं तवा ते चित्र का नाय काढत?" तिने पुसता पुसता विचारलं.

"चित्र काढायचं आणि हिशोब करायचा, दोन्ही एकालाच आहे. दोन्ही एकदम करायला लावलं तर फार हळू चालतं."

"दुसरं मानूस नाय हाताखाली?"

"ठेवता येतं. महाग पडतं."

हौसाने मान हलवली. यात समजायला अवघड असं तिला काही दिसलं नाही. "पाव्हनं आलं की आमी काय करतो? चुलीपाशी जाऊन भाकऱ्या थापतो. भाकऱ्या होईस्तवर त्यांना तोंड दाखवायला कोन बसतंय? म्हनून घरातली बाय मेली असं कोनाला वाटत नाय."

"का वाटत नाही?"

"का म्हंजी?" हौसा हसली. "आत जाळ दिसतो ना."

रत्नप्रभाने तिच्याकडे पाहिलं. मग मागे वळून भिंतीवरच्या सुट्या भागांच्या डब्यांमधून तिने एक डबा काढला आणि तळहातावर ओतला. गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, लाल काचेसारखे दिवे. आठ-आठ आण्यांचे. तिने एक उचलून उजेडात धरला, बाकीचे परत भरले, आणि सोल्डर गन तापायला लावली. चित्र थांबवणारी खूण प्रोसेसरच्या एका पायावर येत होतीच. दिव्याला तिथून दोन इंचांची तार पुरली.

संध्याकाळी हौसा एस.टी.साठी निघाली तेव्हा दारात थबकली. नेहमीचा प्रश्न तिच्या तोंडावर आला होता, पण दिवसभरात मॅडमवर ओरडून झालं होतं, म्हणून तिने तो विचारला नाही. "येते, बाय," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी सकाळी रत्नप्रभा नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आली. पत्र्याच्या पेटीत बसवलेली माहुली तिने टीव्हीसमोर ठेवली. मग कपाट उघडून दुसरा नमुना काढला, तोही टेबलावर ठेवला, आणि त्यावरचा साडीचा तुकडा तसाच राहू दिला. महिपत आला, त्याने दोन्हींकडे पाहिलं.

"म्हंजे अजून ठरलं नाय."

"नाही."

"बरं. एक ऐका. कॅसेटवरचा तो चिमणीचा खेळ लावायचा, गुरुजी खूश, मामला खतम. ते मूळ संख्या बिळ संख्या काढायची नाय. पडदा काळा झाला की गिऱ्हाईक गेलं, हे टीव्हीत पंधरा वर्षं काढून शिकलोय मी."

रत्नप्रभाने पेटीच्या झाकणाला पाडलेल्या भोकातून दिवा नीट वर आला आहे का, ते बोटाने चाचपलं.

गुरुजी दहाला पाच कमी असताना आले. ट्रस्टचे सेक्रेटरी, निवृत्त मुख्याध्यापक. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात यादी. बसण्याआधी त्यांनी खुर्ची दोनदा हलवून पाहिली. महिपतने कॅसेट लावली. पडद्यावर चिमणी आली, वरून दाणे पडायला लागले. गुरुजींनी बटणं दाबून तीन दाणे पकडले, सात सोडले, आणि चष्मा काढून पुसला.

"खेळ बरा आहे. पण खेळायला आमच्या पोरांना रान मोकळं आहे. गणित येतं का याला?"

"येतं ना! सतरा गुणिले तेवीस टाका," महिपत म्हणाला. बोट उचलायच्या आत उत्तर आलं.

"हे आमच्या चौथीतल्या पोरांना येत होतं." गुरुजी रत्नप्रभाकडे वळले. "बाई, हजाराच्या आतल्या मूळ संख्या काढेल का? शेवटची कोणती ते सांगेल?"

महिपतने डोळ्यांनीच नको म्हटलं. रत्नप्रभाने कॅसेटची वायर काढली आणि ओळी टाइप केल्या, सात ओळी, न थांबता. शेवटचं बटण दाबलं.

पडदा काळा झाला. झाकणावर लाल दिवा लागला.

"हां, हे... व्होल्टेज गेलं वाटतं," महिपत म्हणाला. "ही गिरणी बाजूला हाय ना, मोटार चालू झाली की..."

गिरणी बंद होती. बाहेर ठकी कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होती तेसुद्धा ऐकू येत होतं. महिपतचा हात बटणाकडे गेला.

"शेठ, हात काढा," हौसा म्हणाली.

"अगं, पण..."

"जाळ दिसतोय ना? भाकऱ्या चालल्यात."

"काय म्हणते ही?" गुरुजींनी विचारलं.

"ते मोजतंय," रत्नप्रभा म्हणाली. "मोजत असताना ते चित्र काढू शकत नाही. बावन्न सेकंद लागतात."

गुरुजींनी खिशातलं घड्याळ काढलं, मांडीवर ठेवलं आणि हाताची घडी घातली. वर्गात पोराला फळ्यापाशी उभं करून वाट बघावी तसे ते बसले. महिपत एकदा दिव्याकडे, एकदा गुरुजींकडे बघत राहिला. हौसाचा अंगठा पेरांवरून फिरत होता. तिने तीन वेळा दहा केले, मग चौथ्यांदा, पाचव्यांदा. दिवा विझला. आकडा उमटला.

"नऊशे सत्त्याण्णव," गुरुजी म्हणाले. "बरोबर आहे." त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं. "यंत्र खरं बोलतं. पण पोरं बिचकतील, बाई. पोरांचं सोडा, मास्तर बिचकतील. आमचे मास्तर पेटीत घालून कुलूप लावतील आणि बिघडलं म्हणून पत्र लिहितील. न थांबणारं होत नाही का?"

"होतं!" महिपत म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. चाळीस काय, सत्तावीस काय, रक्कम तीच येणार होती, आणि काम कमी. "मॅडमनी केलंय की. हे काय हितंच हाय. पन किंमत वर जाते, गुरुजी. तुमच्या पैशात सत्तावीस बसतील."

"सत्तावीस." गुरुजींनी पिशवीतून यादी काढली, मांडीवर पसरली. ओळींवरून बोट खाली नेत एका जागी थांबवलं, आणि तिथे नखाने रेघ ओढून कागद दुमडला. खालचा भाग मागे गेला. "सत्तावीस तर सत्तावीस. वरच्या शाळांना आत्ता देऊ, खालच्यांचं पुढच्या वर्षी बघू. द्यायची तर वस्तू चांगली द्यावी, असं माझं आपलं मत. तरी यंत्रातलं मला कळत नाही. बाई, तुम्ही म्हणाल ते."

रत्नप्रभाचा हात साडीच्या तुकड्यावर होता. कापडाखाली वरच्या छोट्या बोर्डाचा कोपरा तिच्या बोटांना लागत होता. तिथली झाळ तिने तीन वेळा केली होती, मनासारखी गोल येईपर्यंत. तुकडा उचलायला एक क्षण पुरला असता. यंत्र लावलं असतं तर चित्र विझलं नसतं, गुरुजी हसले असते, आणि दुमडलेल्या कागदाबद्दल या खोलीत कोणी कधी बोललं नसतं.

हौसा टीव्हीची वायर हातात धरून उभी होती. कागदाची मागची बाजू तिच्याकडे होती. तिथे काय लिहिलं आहे ते तिला माहीत नव्हतं.

बाहेर गिरणी सुरू झाली, पत्रा किंचित थरथरला. गुरुजींनी खुर्चीतल्या खुर्चीत बूड हलवलं. महिपतने तोंड उघडलं.

हौसाने त्याच्याकडे बघून नुसती 'थांबा' अशी मान हलवली. तिचा अंगठा पेरांवर फिरायला लागला होता.

काटा मुळात तीनवर आहे हे आधीच लिहून दिलं, तर उत्तरं बरोबर येतात. रत्नप्रभाने कापडावरचा हात काढला. पुढे वाकून तिने गुरुजींच्या मांडीवरचा कागद घेतला, टेबलावर ठेवून उलगडला आणि मधली घडी तळहाताने दोनदा दाबून सपाट केली.

"एकच चिप," ती म्हणाली. "झाकणावर दिव्याच्या शेजारी मोठ्या अक्षरांत छापायचं: पडदा काळा झाला तर थांबा, हिशोब चालू आहे. आणि यादी दुमडू नका, गुरुजी. चाळीसच्या चाळीस करायची. शेणव्यापर्यंत."